शाळा अंगणात आली

महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात जा. तेथे देऊळ असेल, चावडी असेल, पार असेल, आणि त्यांच्या जोडीला बहुधा एक अंगणवाडीही असेल. सकाळच्या वेळी लहान लहान मुले तेथे जमतात, गाणी म्हणतात, मण्यांशी व ठोकळ्यांशी खेळतात आणि खाऊ खाऊन घरी परततात. हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे झाले आहे की, त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी, तीन वर्षांच्या मुलासाठी शाळा असू शकते ही कल्पनाच आपल्याकडील बहुतेक लोकांना नव्हती. मूल सहा-सात वर्षांचे झाले म्हणजे त्याला पंतोजींच्या हवाली करावयाचे, आणि तोवर त्याने खेळावे, रडावे, हट्ट केल्यास मार खावा, असा सर्वसाधारण रिवाज होता. हा रिवाज मोडण्यासाठी ज्या थोड्या व्यक्तींनी आपले आयुष्य वेचले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शिकणे त्या काळी कित्येक घरांत अनिष्ट समजले जाई. केळकरांच्या घरात मात्र सुधारणेचे वारे खेळत होते. ताराबाईंनी शिक्षणात चांगली प्रगती केली आणि १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळवून बाहेर पडल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार सुखाचा झाला नाही. १९२१ साली पतिपत्नी विभक्त झाली, आणि आपल्या चिमुकल्या मुलीला घेऊन ताराबाईंनी स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचा निश्चय केला. एकट्या स्त्रीने मूल सांभाळून नोकरी करावयाची, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. लोकांच्या नजरा, नातलगांची कुजबूज आणि उद्याची चिंता, या साऱ्यांना तोंड देत त्या सौराष्ट्रातील राजकोट या शहरी गेल्या. शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन महाविद्यालयाचे प्राचार्यपद तेथे त्यांना मिळाले होते.

मानाची जागा आणि निश्चित वेतन यांमुळे आता ताराबाईंच्या जीवनाला स्थैर्य आले असते. पण त्यांच्या मनाला एक प्रश्न सतावू लागला. आपल्या हाताखाली शिक्षिका तयार होत आहेत; परंतु लहान मूल शिकते तरी कसे, हे त्यांना कोणी सांगितले आहे काय? पाटी, पेन्सिल, पाढे आणि छडी यांखेरीज शिक्षणाला दुसरी वाट आहे की नाही? घरात त्यांची स्वतःची लहान मुलगी वाढत होती. तिच्यापुढे कोणते शिक्षण ठेवावे, हा विचार आई या नात्यानेही त्यांना करावा लागत होता. अशा वेळी त्यांचे लक्ष माँटेसरी पद्धतीकडे आणि त्या पद्धतीने भावनगर येथे चाललेल्या एका प्रयोगाकडे वेधले गेले.

ही माँटेसरी पद्धती म्हणजे काय, हे येथे थोडे पाहिले पाहिजे. मारिया माँटेसरी ही इटली देशातील विदुषी. तिचा जन्म १८७० साली झाला. १८९६ साली ती वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाली. ज्यांची बुद्धी मंद म्हणून लोकांनी ज्यांना टाकून दिले होते, अशा मुलांवर तिने प्रथम काम केले, आणि योग्य साधने हाती दिली असता तीही मुले शिकू शकतात असे तिने दाखवून दिले. पुढे रोम शहरातील सान लोरेंझो या भागात मजुरांसाठी काही इमारती दुरुस्त करण्यात आल्या. आईबाप कामावर गेले म्हणजे त्यांची लहान मुले जिन्यांत धुमाकूळ घालीत आणि भिंती खराब करीत. ही मुले एका जागी सांभाळावी म्हणून माँटेसरीबाईंना बोलावण्यात आले, आणि ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले.

त्या बालगृहात माँटेसरीबाईंनी मुलांना शिकविण्याची घाई केली नाही. त्यांनी मुलांकडे पाहण्यास आरंभ केला. एकदा सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी पेटीतील दट्ट्या काढून त्या ज्या त्या भोकात बसवीत होती. लहान दट्ट्या मोठ्या भोकात गेला तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि आपली चूक आपल्यालाच कळते. ती दाखवावयास शिक्षक लागत नाही. ती मुलगी इतकी तल्लीन झाली होती की, माँटेसरीबाईंनी तिच्याभोवती इतर मुलांना गाणी म्हणावयास लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम थांबले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने तो खेळ पुन्हा पुन्हा केला, आणि मग जणू सुखाच्या झोपेतून उठावे तशा प्रसन्न मुद्रेने तिने वर पाहिले. लहान मूल चंचल असते, त्याचे मन एका ठिकाणी ठरत नाही, असे सारे जग समजत होते. ते मन ठरू शकते, मात्र त्याला हवे ते काम मिळाले पाहिजे, असा बोध माँटेसरीबाईंनी त्यातून घेतला.

या निरीक्षणावर त्यांची पद्धती उभी राहिली. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत्या मापाचे दहा ठोकळे रचून करावयाचा गुलाबी मनोरा, गुंड्या आणि नाड्या बांधण्याच्या चौकटी, बोट फिरवून आकार ओळखता यावा म्हणून खरखरीत कागदाची अक्षरे, अशी कितीतरी साधने त्यांनी तयार केली. मुलाने आपल्या आवडीचे साधन उचलावे, हवा तितका वेळ त्याच्याशी रमावे, आणि काम संपताच ते जागच्या जागी ठेवावे. बक्षीस नाही, शिक्षाही नाही. मुलाला स्वातंत्र्य आहे. परंतु दुसऱ्याला त्रास देण्याचे आणि वस्तू मोडण्याचे स्वातंत्र्य नाही. शिक्षकाचे काम जवळ राहून पाहण्याचे आणि गरज पडेल तेथेच हात देण्याचे.

भावनगर येथे दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली या विचारांवर आधारलेले बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती माँटेसरीबाईंचे लेखन आले, आणि वकिली सोडून ते मुलांचे शिक्षक बनले. त्यांच्या झुबकेदार मिशा आणि आईसारखी माया पाहून लोक त्यांना मिशाळ आई म्हणत. ताराबाईंनी हे कार्य पाहिले, आणि आपल्याला हवे होते ते हेच, अशी त्यांची खात्री पटली. १९२३ साली त्यांनी प्राचार्यपदाचा राजीनामा दिला आणि भावनगरला जाऊन त्या गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. पदवीधर स्त्रीने मोठ्या महाविद्यालयाची खुर्ची सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर येऊन बसावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले असेल. परंतु ज्याचा पाया पक्का करावयाचा आहे, त्याने जमिनीवरच उतरले पाहिजे, हे ताराबाईंनी ओळखले होते.

भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई आणि ताराबाई यांनी परदेशातून आलेली पद्धती जशीच्या तशी उचलली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. माँटेसरीबाईंच्या मते अगदी लहान मुलांना राक्षस आणि पऱ्या यांच्या कल्पित गोष्टी सांगणे हिताचे नव्हते; मुलाने प्रथम खऱ्या जगाची ओळख करून घ्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु आपल्याकडील मूल आजीच्या मांडीवर बसून चिमणी-कावळ्याची गोष्ट ऐकत वाढते. गोष्ट ऐकताना त्याचे डोळे कसे चमकतात, हे ज्याने पाहिले आहे, तो त्याच्यापासून गोष्ट कशी हिरावून घेईल? म्हणून बालमंदिरात साधनांच्या बरोबरीने गोष्टी आल्या, लोकगीते आली, नाटुकली आली, मातीकाम आणि चित्रे आली. मूल काय सांगते ते ऐकावे, हा माँटेसरीबाईंचाच मंत्र. त्या मंत्राला जागूनच गिजुभाई आणि ताराबाई यांनी त्यांच्या पद्धतीत फरक केला.

बालमंदिरात शांततेचा एक खेळ खेळला जाई. सारी मुले डोळे मिटून निश्चल बसत. मग शिक्षक दूर उभे राहून अगदी हळू आवाजात एकेका मुलाचे नाव उच्चारीत, आणि नाव ऐकू आलेले मूल पावलांचाही आवाज न करता त्यांच्याकडे जाई. गप्प बसा म्हणून दटावून जी शांतता मिळत नाही, ती या खेळात मुले आनंदाने निर्माण करीत. शिस्त बाहेरून लादता येते, तशी ती आतूनही उगवते. आणि आतून उगवलेली शिस्तच टिकते, हे त्या खेळातून सहज दिसून येई.

तथापि नवी वाट चालणाराला शंकांचे काटे टोचतातच. मुले दिवसभर खेळतच राहिली तर लिहावयास केव्हा शिकणार? मार नाही, धाक नाही, तर ती उनाड होणार नाहीत काय? पुढे मोठ्या शाळेत गेल्यावर त्यांचे कसे होईल? असे प्रश्न त्या काळच्या पालकांना पडत, आणि खरे पाहता ते आजच्या पालकांनाही पडतात. ताराबाईंनी या शंकांना तुच्छ लेखले नाही. आईबाप मुलाच्या काळजीपोटीच विचारतात, हे त्या जाणून होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि शिक्षण पत्रिका या मासिकातून पालकांशी व शिक्षकांशी विचारविनिमय सुरू झाला. पत्रिकेच्या संपादनाचा भार ताराबाईंनी दीर्घकाळ वाहिला. मूल हट्ट का करते, ते खोटे का बोलते, त्याला भीती कशाची वाटते, अशा घरोघरच्या प्रश्नांवर त्यांनी सोप्या भाषेत लिहिले. मुलांसाठीही त्यांनी लेखन केले. नदीची गोष्ट हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे.

१९३६ साली ताराबाई मुंबईस आल्या आणि दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी राहिली. तेथे बालमंदिर चाले, आणि बालशिक्षिका तयार करण्याचे कामही चाले. शहरातील सुशिक्षित कुटुंबे आपली मुले आनंदाने तेथे पाठवू लागली. १९३९ साली खुद्द माँटेसरीबाई भारतात आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथे त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि देशभर त्यांच्या पद्धतीचा बोलबाला झाला. ताराबाईंच्या कार्याला यश आले, असे कोणीही म्हटले असते.

परंतु ज्यांना यशातही उणीव दिसते, तेच पुढे जातात. ताराबाईंना एक विसंगती बोचू लागली होती. माँटेसरी पद्धतीचा जन्म रोमच्या मजूरवस्तीत झाला. आईबाप कामावर गेलेल्या, कोणी वाली नसलेल्या मुलांसाठी ती निर्माण झाली. पण भारतात येईपर्यंत ती सुखवस्तू लोकांची झाली होती. तिची सुबक लाकडी साधने महाग. ती मांडावयास प्रशस्त खोल्या हव्या. तिचे शिक्षण घेतलेल्या शिक्षिका शहरातच मिळत. साहजिकच शाळांचे शुल्क वाढे, आणि ज्यांना या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज, तीच मुले दाराबाहेर राहत. १९३१ साली महात्मा गांधी लंडन येथे माँटेसरीबाईंना भेटले होते, तेव्हा त्यांनीही हीच आशा व्यक्त केली होती की, हे शिक्षण गोरगरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचावे. ती आशा प्रत्यक्षात कशी आणावी, हा प्रश्न ताराबाईंनी आता आपल्याच अंगावर घेतला. ही पद्धती मुलांना मानवते, हे त्यांनी शहरात पाहिले होते. ती खेड्यातील अर्धपोटी मुलाला मानवेल काय? या प्रश्नाचे उत्तर दादरच्या इमारतीत बसून मिळणार नव्हते.

म्हणून १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, ताराबाईंनी मुंबईच्या उत्तरेस समुद्रकिनाऱ्यावर असलेल्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. या कामी त्यांना एक अनमोल सहकारी लाभली. तिचे नाव अनुताई वाघ. अनुताई बालपणीच विधवा झालेल्या. पुढे स्वकष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या. त्या बोर्डीला आल्या त्या कायमच्याच. ताराबाईंनी वाट आखावी आणि अनुताईंनी ती पायांखाली घालावी, असा दोघींचा जणू करारच होता.

खेड्यात पाऊल ठेवताच एकेक गोष्ट नव्याने शिकावी लागली. शाळा उघडली म्हणजे मुले येतात, हा शहरातला अनुभव येथे उपयोगी पडेना. आईबाप पहाटेच मजुरीला जात. मुलांना धुवून पुसून शाळेत कोणी पोहोचवावे? शाळा दूर, तर चिमुकली पावले तिथवर कशी यावीत? आणि त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांना तर, आपल्याला तेथे कोणी बसू देईल, याचाच भरवसा नव्हता. यावर ताराबाईंनी जो उपाय काढला, तो अत्यंत साधा आणि म्हणूनच असामान्य होता. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिकेने साधनांची पिशवी घेऊन वस्तीत जावे, एखाद्या घराचे अंगण झाडूनसारवून घ्यावे आणि तेथेच मुलांना जमवावे. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी होय. तिला भिंती नव्हत्या, म्हणून तिचे दार कोणाला बंदही नव्हते.

आता प्रश्न आला साधनांचा. महागडा लाकडी मनोरा येथे कोठून आणावा? आणि ज्या मुलाच्या अंगावर गुंडीचा सदराच नाही, त्याने गुंड्या लावण्याची चौकट घेऊन काय करावे? ताराबाईंनी साधनांकडे न पाहता साधनांमागील हेतूकडे पाहिले. मुलाने लहान-मोठे ओळखावे, रंग ओळखावे, मोजावे, लावावे, जुळवावे, बोटांना वळण लावावे, हाच ना हेतू? मग समुद्रकिनाऱ्यावर शंखशिंपल्यांची काय वाण? चिंचोके, सागरगोटे, निरनिराळ्या झाडांची पाने, फुले, बिया, नदीतील गुळगुळीत खडे, बांबूच्या नळ्या, मातीची बोळकी, हे सारे निसर्गाने विनामूल्य मांडून ठेवले होते. शिंपले चढत्या क्रमाने लावताना मूल तेच शिके, जे रोममधील मूल लाकडी दट्ट्यांवरून शिकले होते. धान्य निवडणे, झाडांना पाणी घालणे, अंगण झाडणे, ही घरचीच कामे शिक्षणाची साधने बनली.

आणि या सर्वांच्याही आधी काही गोष्टी कराव्या लागत. मुलांना न्हाऊ घालणे, त्यांचे केस विंचरणे, नखे कापणे, खरजेला औषध लावणे आणि त्यांच्या पोटात काही खाऊ घालणे. भुकेल्या मुलाचे चित्त कोणत्याही साधनावर ठरत नाही; खाज सुटलेले मूल गाण्यात रमत नाही. शहरात जे काम आई घरी उरकते, तेच येथे शाळेच्या पहिल्या तासाला करावे लागे. हे काही शिक्षण नव्हे, असे एखादा म्हणेल. परंतु ताराबाईंच्या दृष्टीने मुलाच्या शरीराची काळजी हा शिक्षणाचाच पहिला पाठ होता.

यानंतरचा टप्पा याहूनही बिकट होता. १९५६-५७ च्या सुमारास संस्थेचे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाड येथील टेकडीवर गेले. सभोवार वारली आदिवासींचे पाडे. येथील मुलांची बोली वेगळी, जीवन वेगळे. शाळा या वस्तूचे त्यांना आकर्षण तर नव्हतेच, उलट भीती होती. सहा-सात वर्षांचा मुलगा गुरे राखावयास जाई, आणि तेवढीच मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळी. अशा मुलांनी शाळेत यावयाचे कसे? त्यांच्या आईबापांना दोष देणे सोपे होते. परंतु मुलाने गुरे न राखल्यास घरची चूल पेटणे कठीण, ही वस्तुस्थिती ताराबाई आणि अनुताई यांनी डोळ्यांआड केली नाही.

त्यांनी दोन युक्त्या योजल्या. गुरे चारणारी मुले ज्या कुरणात असत, तेथेच शिक्षक जाऊ लागले. गुरे चरत आहेत, आणि झाडाच्या सावलीत मुले गोष्टी ऐकत आहेत, खडे मोजत आहेत, मातीत अक्षरे गिरवीत आहेत, अशी ही शाळा. तिला कुरणशाळा असे नाव पडले. दुसरी युक्ती भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी होती. एकाच आवारात तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि त्याहून मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा अशी रचना करण्यात आली. ताईने तान्ह्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्या भावाला बालवाडीत सोडावे आणि आपण निश्चिंत मनाने वर्गात बसावे. या रचनेला त्यांनी विकासवाडी हे नाव दिले. एका मुलीच्या कडेवरचे ओझे काही तास उतरविल्याने तिघांचे शिक्षण सुरू होते, हे जिला सुचले तिची दृष्टी किती सूक्ष्म असली पाहिजे!

रोमच्या बालगृहातील ती तीन वर्षांची मुलगी आणि कोसबाडच्या टेकडीवरील वारली मूल यांच्यात देशाचे, भाषेचे आणि परिस्थितीचे केवढे अंतर! तरीही पोट भरलेले असेल, भीती गेली असेल आणि हाती आवडीचे काम असेल, तर दोघांचीही समाधी सारखीच लागते. ताराबाईंना आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. पद्धती मुलाला मानवते की नाही, हे केवळ पद्धतीवर अवलंबून नसते. आपण तिला मुलाच्या मापाची करतो की मुलाला तिच्या मापाचे करू पाहतो, यावर ते अवलंबून असते. अंगरखा मुलाच्या अंगाला बसेना, तर अंगरखा उसवावयाचा असतो, मुलाला कापावयाचे नसते.

ताराबाई काही काळ मुंबई विधानसभेच्या सदस्या होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन त्यांचा गौरव केला. परंतु मानसन्मानांपेक्षा बालवाडीच्या अंगणातच त्यांचा जीव अधिक रमे. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे अनुताई वाघ यांनी १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत कोसबाडचे व्रत अखंड चालविले. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. लाखो मुलांना आज खाऊ, औषध आणि खेळ एकाच जागी मिळतात. बोर्डीच्या अंगणात लावलेले रोप असे देशभर पसरले.

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी एखादे धाकटे भावंड असेल, आणि त्याला कोणत्या शाळेत घालावे याचा विचार वडीलधारी मंडळी करीत असतील. माँटेसरी हे नाव आज गावोगावच्या पाट्यांवर दिसते. ते नाव कोणीही आपल्या शाळेला देऊ शकतो. म्हणून केवळ पाटी वाचून निर्णय करणे योग्य नव्हे. आत डोकावून पाहावे. तेथे मुले आपल्या हातांनी काही करीत आहेत काय, की घोकंपट्टीच चालली आहे? कामात रमलेल्या मुलाला कोणी मधेच ओढून उठवीत तर नाही? शिक्षिकेचा आवाज चढलेला आहे, की तिचे डोळे मुलांवर आहेत? साधने कपाटात शोभेसाठी ठेवली आहेत, की मुलांच्या हाती झिजली आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपले भावंड चार दिवसांनी तेथे आपण होऊन जाऊ लागते काय? काही मुले लवकर रुळतात, काहींना वेळ लागतो. एखाद्याला घोळक्याची भीती वाटते, एखाद्याला आईची आठवण येते. अशा वेळी त्याला हट्टी म्हणू नये. ते शब्दांवाचून काही सांगत असते. ते ऐकून घ्यावे.

प्राचार्यपदाच्या खुर्चीवरून बालमंदिराच्या सतरंजीवर, शहरातील बालमंदिरातून खेड्यातील अंगणात आणि तेथून टेकडीवरच्या कुरणात, असा ताराबाईंचा प्रवास झाला. जगाच्या दृष्टीने पाहिले तर ही प्रत्येक पायरी खाली उतरणारी होती. पण प्रत्येक पायरीवर त्या एका अशा मुलाच्या अधिक जवळ गेल्या, ज्याच्याकडे आजवर कोणी पाहिले नव्हते. शाळेने मुलाची वाट पाहत बसू नये, मुलाच्या दाराशी जावे, हे त्यांनी बोलून नव्हे तर चालून दाखविले. त्यांच्या पावलांनी चाललेली ती वाट आज प्रत्येक गावातील एका अंगणापाशी येऊन पोहोचली आहे.